पहिल्या क्रमांकाचं कारण

रविवारी सकाळी साडेसातला पट्टीचा आठवड्याचा अहवाल आला, आणि त्यातल्या कारणांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर माझ्या बहिणीचं नाव होतं.

मी तो अहवाल तीनदा वाचला. एका कोशाच्या कचेरीत एकतीस वर्षं दुसऱ्यांचं लिखाण तपासल्यामुळे पहिल्या वाचनावर माझा विश्वास नसतो. पण तिसऱ्यांदाही तेच होतं. ‘संभाव्य कारणे, सहसंबंधाच्या क्रमाने : १. शालिनी (सहवास). २. अपुरी झोप. ३. सायंकाळचे मोठ्याने बोलणे. ४. चहा.’

शालिनी, म्हणजे आक्का, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून मेथी निवडत होती. तिला मेथी दिसत नव्हती, बोटांना कळत होती.

“काय म्हणतेय रे तुझी पट्टी?” तिने विचारलं.

“बरं आहे म्हणतेय,” मी म्हणालो आणि फोन उशीखाली सरकवला.

माझं हृदय तीन वर्षांपासून ताल सोडून चालतं. निरोगी माणसाच्या हृदयाचे वरचे दोन कप्पे एका दमात आकुंचन पावतात. माझे कधी कधी आकुंचन न पावता नुसते थरथरतात. मग खालच्या कप्प्यांना केव्हा काय करायचं ते नीट कळेनासं होतं. दोन ठोके घाईघाईने पडतात, एक येतच नाही, पुन्हा तीन एकदम येतात. डॉक्टर म्हणतात की त्या धडधडीने सहसा काही होत नाही. खरा धोका असतो तो थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळण्याचा आणि त्याची गुठळी मेंदूत जाण्याचा. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे. रक्तदाबासाठी दुसरी आहे, लघवी वाढवणारी. भीतीसाठी मात्र त्यांनी काही लिहून दिलं नव्हतं. मी दिवसातून वीस-पंचवीस वेळा मनगट धरून बसायचो. जिने चढताना मधल्या पायरीवर थांबून खिशात काही शोधल्यासारखं करायचो. कोल्हापुरात राहणाऱ्या माझ्या भाचीने, आक्काच्या मुलीने, हे पाहिलं आणि गेल्या वर्षी पट्टी आणून दिली.

कॉलरच्या हाडाखाली चिकटवायची बोटभर लांबीची ही पट्टी आता निम्म्या गावाच्या छातीवर असते. ती हृदयाचा आलेख घेते, यात नवीन काही नाही. नवीन आहे ते तिचं भाकीत. वरचे कप्पे थरथरू लागण्याआधी पाऊण तास त्यांच्या कडांवरून अगदी क्षीण, चुकार ठिणग्या निघू लागतात. त्या मोजून पट्टी सांगते, ‘पुढील चाळीस मिनिटांत शक्यता साठ टक्के.’ तेवढ्या वेळात माणसाने एका जागी बसावं, पाणी प्यावं, गाडी चालवू नये. मी त्या चाळीस मिनिटांत काय करायचो, तर वाट पाहायचो.

पट्टीचं दुसरं काम कारणं शोधण्याचं. तुम्ही किती झोपलात, काय खाल्लं-प्यायलं, खोलीत गारवा किती, जवळ कोणाचा आवाज आहे, हे सगळं ती झटक्यांशेजारी मांडून पाहते आणि काय कशासोबत येतं ते शोधते. आक्का मार्गशीर्षात माझ्याकडे वाईला राहायला आली. तोवर मला आठवड्याला दोन-तीन झटके यायचे. आता चैत्र होता आणि त्या आठवड्यात अकरा आले होते. मधे आठ दिवस ती कोल्हापूरला मुलीकडे गेली, तेव्हा आकडा थोडा उतरला होता. पट्टीला एवढं पुरेसं होतं.

आणि खरं सांगायचं तर मलाही.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झाली. नजरेचा मधला भाग गेल्यामुळे तिला माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. अक्षरं तर मुळीच नाहीत. वाचून दाखवणारे यांत्रिक आवाज तिने महिनाभर ऐकले. “उत्तम वाचतात,” ती म्हणाली, “पण मी मधेच ‘हे खोटं आहे’ म्हटलं तर थांबून माझ्याशी भांडत नाहीत.” म्हणून रोज संध्याकाळी सहा ते आठ मी वाचायचो. एका दीपगृह-तपासनिसाच्या आठवणींचं सहाशे पानांचं जुनं पुस्तक आम्ही घेतलं होतं. तिला भांडायला आवडायचं आणि मला भांडता येत नाही. “मोठ्याने,” ती म्हणायची. “शेवटच्या बाकावर ऐकू आलं पाहिजे.” मी एकुलता एक विद्यार्थी आणि शेवटचा बाकही मीच, असं वाटायचं. पहिल्या दिवशी माझा आवाज अर्ध्या तासात बसला, तेव्हा तिने कमरेच्या बटव्यातून ज्येष्ठमधाचं कांड काढलं, अडकित्त्याने बोटाच्या पेराएवढा तुकडा केला आणि माझ्या हातावर ठेवला. “गालात धर. चौतीस वर्षं माझा घसा याच्यावर चाललाय.”

तर, यादी वाचल्यावर मला धक्का बसायला हवा होता. त्याऐवजी वाटलं, यंत्राला कळलं तर! लहानपणापासून मी आक्काला घाबरतो. सहा वाजत आले की मला कुठे तरी निघून जावंसं वाटायचं, हे मी कोणाला बोललो नव्हतो. ते आता छापून आलं होतं.

सरळ बोलायला हवं होतं. मी काय केलं, तर सोमवारी घसा दुखतो म्हणून सांगितलं.

“बघू,” आक्का म्हणाली. तिला दिसत नसतानाही मी तोंड उघडलं. “आवाज तर बरा आहे. पण दुखतो म्हणतोस तर दुखत असेल.” तिने दोन तुकडे केले. “एक आता, एक झोपताना. आणि दुपारीही घेत जा. घराण्यालाच घसा नाजूक.”

मंगळवारीही दुखला. बुधवारीही. घशाचं सोंग टिकवायचं तर तिने दिलेलं औषध घ्यायला हवं, म्हणून मी ते घेत राहिलो. नऊ दिवस आम्ही रोज दहाच मिनिटं वाचलं, आणि त्या नऊ दिवसांत मला सतरा झटके आले.

मी डॉक्टर तांबोळींकडे गेलो. त्या वयाने माझ्या भाचीपेक्षाही लहान आहेत आणि बोलताना फोनकडे न पाहता माणसाकडे पाहतात.

“काका, यंत्र ‘सोबत काय होतं’ एवढंच सांगतं,” त्या म्हणाल्या. “छत्र्या उघडलेल्या दिसल्या की पाऊस असतो, पण छत्र्यांमुळे पाऊस पडत नाही. खाण्यापिण्यात काही बदल? नवीन औषध, काढा, चूर्ण?”

“काही नाही. दोन वेळचं जेवण, तीन कप चहा.”

“रक्त सहा महिन्यांपूर्वी तपासलंय. आज पुन्हा देऊन जा.”

मी खाली गेलो. रक्त घेणारा माणूस खोलीला कुलूप लावून डबा हातात घेऊन उभा होता. “काका, द्यायचंय का? उघडतो.” त्याने किल्ली पुन्हा काढली. त्याच्या डब्यातून कांदा परतल्याचा वास येत होता. मी म्हणालो, “राहू द्या, राहू द्या. पुढच्या वेळी.” त्याला जेवायला उशीर नको, एवढंच माझ्या मनात होतं. त्या भिडेपायी पुढचे दोन महिने गेले.

माझे अहवाल भाचीलाही जातात. शनिवारी मृणाल कोल्हापूरहून आली. आक्काला आंघोळीला पाठवून तिने मला गॅलरीत नेलं.

“मामा, खरं सांग. आईचा त्रास होतो का तुला?”

मी कुंडीतल्या तुळशीकडे पाहत राहिलो.

“गप्प बसलास म्हणजे हो. मामा, अरे, सतरा! उद्या तुला काही झालं तर आईला दिसणारसुद्धा नाही तू कुठे पडलायस ते.”

“तसं नाही गं. आक्का काही...”

“मी तिला घेऊन जाते. तुझं काही नाव सांगत नाही. डोळ्यांचे डॉक्टर दाखवायचेत म्हणते.”

“मला ऐकू येतं,” मागून आक्का म्हणाली. ती ओले केस टॉवेलात गुंडाळून दारात उभी होती. “डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. विदू, काय आहे त्या फोनमध्ये? वाच.”

“आक्का, ते नुसतं यंत्र...”

“वाच म्हटलं ना. रोज वाचतोस तसं.”

मी वाचलं. “संभाव्य कारणे, सहसंबंधाच्या क्रमाने. एक. शालिनी, कंसात सहवास.”

“पुढे?”

“दोन. अपुरी झोप. तीन. मोठ्याने बोलणे. चार. चहा.”

“चहाच्या वर लागला की माझा नंबर,” आक्का म्हणाली. मृणाल हसली नाही. आक्काही हसली नव्हती. टॉवेलाचं टोक पिळत ती म्हणाली, “किती दिवस माहीत आहे तुला हे?”

“दोन आठवडे.”

“आणि घसा?”

मी फोन खिशात घातला.

“मृणाल, निळी बॅग काढ माळ्यावरची. मी कोणाच्या छातीवर बसून राहणार नाही.”

दुपारी दोनच्या गाडीने त्या गेल्या. जाताना आक्काने मला काही सूचना केल्या नाहीत. गॅस बंद कर म्हणालीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजले आणि मला कुठे निघून जावंसं वाटलं नाही. मी खुर्चीत बसून मनातल्या मनात वाचलं, कोणालाही ऐकू न येणारं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं.

पहिल्या आठवड्यात झटके दहा होते. दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात दोन. पट्टीने लिहिलं, ‘कारण क्र. १ दूर झाल्याने स्थितीत सुधारणा. खातरी : एक्क्याण्णव टक्के.’ मृणालने फोनवर सुस्कारा सोडला. “बघ, मामा. वाईट वाटतं, पण आकडे खोटं बोलत नाहीत.”

नंतर आक्काचा फोन आला. बावीस दिवसांत पहिला.

“कसा आहेस?”

“बरा आहे. दोनच आले.”

“छान.” मग तिने विचारलं, “त्या तपासनिसाचं काय झालं रे? वादळात अडकला होता तो. इथे ते पुस्तक कुठल्याच यंत्रात नाही.”

पुस्तक आमच्या कचेरीच्या जुन्या संग्रहातलं, त्याची दुसरी प्रत मिळणंही कठीण. मी म्हणालो, “मी वाचून ध्वनिमुद्रण करून पाठवू?”

“तुला त्रास नाही ना होणार?”

“तू कुठे इथे आहेस,” मी म्हणालो. बोलून गेल्यावर ते कसं ऐकू आलं असेल ते कळलं. आक्का म्हणाली, “हो, तेही खरंच.”

आठवड्याभरात तिच्याकडून एक पाकीट आलं. आत ज्येष्ठमधाची जुडी आणि चिठ्ठी. न दिसता लिहिलेल्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, तरी शाळेतलं वळण गेलं नव्हतं. ‘घसा जप. मोठ्याने वाच.’

मी रोज दोन तास वाचून तिला पाठवू लागलो. ती मधेच थांबवत नव्हती, म्हणून मीच थांबायचो आणि ‘इथे तू म्हणाली असतीस की हे खोटं आहे’ असं म्हणून पुढे जायचो. गालात तुकडा असायचाच. वाचून झालं तरी तो काढावासा वाटत नसे. घरात मी एकटाच होतो, ती चव तेवढी आक्काची होती. सकाळी पेपर वाचतानाही असायचा, दुपारी पडल्यावरही.

दोन आठवड्यांनी झटके पाच झाले. मग नऊ. मग बारा.

पट्टी गोंधळली. आक्का दीडशे किलोमीटरवर होती. यादीत आलं, ‘१. शालिनी (सहवास नाही, ध्वनिमुद्रित संदेश).’ आणि खाली सल्ला, ‘या व्यक्तीशी संपर्क थांबवून पाहा.’

मी ध्वनिमुद्रण थांबवलं. घसा बसलाय, असं पुन्हा तेच खोटं आक्काला सांगितलं. आठ दिवस तिच्याशी बोललोही नाही.

त्या आठवड्यात तेरा आले.

त्या रविवारी माझी भीती निराळीच होती. इतके दिवस निदान कोणाचं तरी नाव होतं. आता हृदय विनाकारण चुकत होतं, म्हणजे ते केव्हाही चुकू शकत होतं. मी पलंगावर बसलो, उठलो, पाणी प्यायलो, मनगट धरलं, सोडलं. शेवटी हातांना काही तरी काम हवं म्हणून खणातून कोरी कार्डं काढली.

कोशाच्या कचेरीत आमची एक पद्धत होती. एका कार्डावर एकच गोष्ट लिहायची. दोन कार्डं एकमेकांना खोडत असली तर कोणतं खरं यावर वाद घालायचा नाही. दोन्ही बाजूला ठेवायची आणि जिचं कार्डच झालेलं नाही अशी तिसरी गोष्ट शोधायची. मी लिहिलं, ‘आक्का होती, झटके होते.’ दुसऱ्यावर, ‘आक्का नव्हती, झटके नव्हते.’ तिसऱ्यावर, ‘आक्का नव्हती, आवाजही नव्हता, तरी झटके होते.’ झोप, चहा, गोळ्या, वाचन, उन्हाळा, सगळ्यांची कार्डं केली. चादरीवर मांडली. पहिल्या आणि तिसऱ्या कार्डात काय सारखं आहे आणि दुसऱ्यात काय नाही? मला सापडेना. कचेरीतले आमचे मुख्य संपादक अशा वेळी सगळी कार्डं मोठ्याने वाचायला लावायचे. नीट वाचता यावं म्हणून मी गालातला ज्येष्ठमधाचा तुकडा काढून बशीत ठेवला.

बशीत सकाळपासूनचे पाच चघळलेले तुकडे होते.

त्यांचं कार्ड नव्हतं. पट्टी रोज विचारायची, काय खाल्लंत, काय प्यायलात? ज्येष्ठमध खात नाहीत आणि पीतही नाहीत. गालात धरतात आणि चोथा टाकून देतात. डॉक्टरांनी औषध, काढा, चूर्ण विचारलं होतं. तेव्हाही माझ्या गालात तुकडा असेल, आणि मी काही नाही म्हणालो होतो.

रविवार असूनही मी डॉक्टर तांबोळींना फोन केला. आधी तीनदा माफी मागितली.

“काका, मुद्द्यावर या.”

मी सांगितलं.

“दिवसाला किती?”

“सहा-सात तुकडे. कधी आठ.”

“कधीपासून?”

“मार्गशीर्षापासून. मधे आक्का गेली तेव्हा तीन-चार आठवडे नव्हतं. तीच द्यायची ना.”

“थुंका ते. आणि लगेच या. मी रक्त घेणाऱ्याला बोलावते, आणि काका, आज त्याला परत पाठवलंत तर माझ्याशी गाठ आहे.”

रक्तातलं पोटॅशियम दोन पूर्णांक आठ निघालं. साडेतीनच्या खाली जायला नको होतं. त्यांनी मला तिथेच झोपवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी बाटलीतलं क्षाराचं औषध संपत आलं तेव्हा समजावून सांगितलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुन्हा शांत होऊन पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हावं लागतं. त्या कामाला पोटॅशियम लागतं. ज्येष्ठमधाला जो गोडवा असतो त्यातल्या द्रव्यामुळे मूत्रपिंडांची फसगत होते. ती मीठ धरून ठेवतात आणि पोटॅशियम सोडून देतात. माझी रक्तदाबाची गोळीही पोटॅशियम बाहेर टाकणारीच. दोघांनी मिळून मला हळूहळू रिकामं केलं होतं. ज्येष्ठमध थांबवलं तरी परिणाम उतरायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून आक्का गेल्यावर आकडा सावकाश उतरला आणि पाकीट आल्यावर सावकाश चढला.

“आणि पट्टीला कळलं नाही?”

“पट्टीला जे सांगितलं जातं आणि जे ऐकू येतं, तेवढंच कळतं. तुमच्या आक्का ऐकू येत होत्या. ज्येष्ठमध आवाज करत नाही.”

“आता बंद होईल सगळं?”

“नाही, काका.” त्यांनी सरळ सांगितलं. “दोन-तीनवर येईल. शून्य होणार नाही. तुमचं हृदय तसं आहे.”

तीन आठवड्यांनी आकडा दोनवर आला. गोळी बदलून मिळाली. यादीतून आक्काचं नाव पार गेलं, जणू ते तिथे कधी नव्हतंच. मी कोल्हापूरची गाडी पकडली.

प्रवासभर मी काय बोलायचं ते जुळवत होतो. ज्येष्ठमधाबद्दल सांगायचं नाही, हे ठरलं होतं. ते तिने दिलं होतं, तिच्या हाताने, कापून. सांगितलं तर ती पुन्हा पहिल्या क्रमांकावर जाऊन बसणार, आणि या वेळी यंत्राने नाही तर मी बसवलेली. ‘आक्का, पट्टीत बिघाड होता, नवीन बसवली.’ एवढं बोलायचं. कऱ्हाडच्या अलीकडे फोन थरथरला. ‘पुढील चाळीस मिनिटांत शक्यता पंचावन्न टक्के.’ उतरून जावं, असं वाटलं. शेजारी एक बाई टिफिनचं झाकण उघडण्याची खटपट करत होत्या. मी ते उघडून दिलं आणि मला काही झालं तर त्यांचं जेवण राहील म्हणून तोंड खिडकीकडे फिरवून बसलो. चाळीस मिनिटं झाली. काही आलं नाही. पुढची चाळीस मिनिटं मी ते का आलं नाही याची काळजी केली.

मृणाल कामावर गेली होती. आक्काने दार उघडलं आणि माझ्या कानाच्या दिशेने पाहिलं.

“विदू? न कळवता?”

“सहज.”

“तू आयुष्यात सहज कुठे गेला नाहीस. बस. पाणी देते.”

“आक्का, पट्टीत बिघाड होता,” मी उभ्या उभ्याच म्हणालो. “नवीन बसवलीय. तुझं नाव चुकून आलं होतं. तू परत चल.”

तिने माठातून पाणी काढलं, भांडं चाचपत माझ्या हातात दिलं आणि समोर बसली.

“आता खरं सांग.”

“खरंच बिघाड...”

“मी चौतीस वर्षं गृहपाठ घरी विसरलेल्या मुली पाहिल्यात.”

मी पाणी संपवलं. मग सांगितलं. पोटॅशियम, मूत्रपिंडं, गोळी, कार्डं, बशी. सांगताना मी आवाज चढवला, तिच्या बाजूने बोलायचं म्हणून. दोष गोळीचा, दोष माझा, मी डॉक्टरांना सांगितलं नाही, रक्त दिलं नाही. तिचा हात कमरेच्या बटव्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

“म्हणजे मीच की,” ती म्हणाली.

“नाही, आक्का.”

“मी दिलं ना? घसा दुखतो म्हणालास तेव्हा दुप्पट दिलं.”

“घसा दुखतच नव्हता.”

“ते कळलं मला. एक-दोन दिवस नसेल दुखत.”

“नऊ दिवस. आणि नंतर ध्वनिमुद्रण थांबवलं तेव्हाचे आठ.” आता थांबता येत नव्हतं. “आणि तू गेल्यावर मला बरं वाटलं, आक्का. झटके कमी होण्याआधीच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजले, तू नव्हतीस, आणि मला इतकं बरं वाटलं की मला माझी भीती वाटली. म्हणून मी यंत्रावर विश्वास ठेवला. ते चुकलं असेल असं मला वाटलंच नाही.”

आक्काने रिकामं भांडं माझ्या हातातून घेतलं. खाली रस्त्यावर भाजीवाला शेपू, शेपू म्हणत गेला. ती आता म्हणेल की तू परत जा, असं मला वाटत होतं, आणि तिने तसं म्हटलं असतं तर मला तिला दोष देता आला नसता.

“मलाही,” ती म्हणाली.

“काय?”

“मलाही बरं वाटलं. इथे आल्यावर. चार दिवस तरी.” तिच्या ओठाचा कोपरा हलला. “अरे, तुझ्याबरोबर राहणं म्हणजे काय! आक्का, पाणी उकळलं होतं का? आक्का, दूध नासलंय का, वास बघ. आक्का, तुला माझा श्वास ऐकू येतो का? मी म्हटलं, सुटले! आणि पाचव्या दिवशी मृणालचं ते यंत्र कसली तरी कादंबरी वाचत होतं, मी ‘खोटं आहे हे’ म्हणाले, आणि ते वाचतच राहिलं.”

मी हसलो. हसता हसता छातीत तो ओळखीचा धक्का बसला, जिन्याची एक पायरी चुकावी तसा. मग दोन ठोके घाईचे. मग काहीच नाही. मग तीन. बसमध्ये जे आलं नव्हतं ते आता आलं होतं.

एरवी मी तोंड फिरवलं असतं, पाणी प्यायचं निमित्त केलं असतं. तीन वर्षांत कोणासमोरही मी हे उच्चारलं नव्हतं. पट्टी बोलायची, मी नाही.

“आक्का,” मी म्हणालो, “आत्ता चुकतंय.”

“आत्ता? बोलता बोलता?”

“हो.”

“दुखतंय?”

“नाही. नुसतं... भीती वाटते.”

“डॉक्टरांना फोन करायचा?”

“चक्कर आली, जीभ जड झाली, तर करायचा. नाहीतर थांबायचं.”

“किती वेळ?”

“सांगता येत नाही. कधी दहा मिनिटं, कधी दोन तास.”

“पुरे तेवढे.” तिने हात पुढे करून माझा गुडघा चाचपला, त्याला आधार धरून उठली. “एवढ्यात माझी बॅग भरून होईल. तू बस. उठू नकोस. आणि मला विचारत राहू नकोस, मीच विचारीन.”

ती भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेली. मी बसलो. हृदय स्वतःच्या मनाप्रमाणे धावत होतं, अडखळत होतं. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग हँगर सरकल्याचा.

“विदू,” तिने आतून विचारलं, “कसं आहे?”

“अजून तसंच.”

“बरं,” ती म्हणाली, आणि कपाटाचा दुसरा दरवाजा उघडल्याचा आवाज आला.